शेवटचं लेक्चर संपल्यावर पळू नका : ठाणे-नवी मुंबईत एफवायला मित्र कसे जमवायचे

सप्टेंबर आला की स्टाफरूमच्या दारात एफवायचं, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं, कुणीतरी घुटमळतं. आधी इंटर्नलच्या मार्कांचं विचारतं, मग जर्नलवरच्या सहीचं. जायला वळता वळता म्हणतं, "मॅडम, कॉलेजात माझं कुणीच नाही." नवी मुंबईतल्या एका डिग्री कॉलेजात मी शिकवते आणि हे वाक्य मला दर वर्षी ऐकावं लागतं. मी एकच प्रश्न विचारते : शेवटचं लेक्चर संपल्यावर किती मिनिटांत स्टेशनवर असतेस? बहुतेक वेळा उत्तर येतं, "दहा."

या मुलांच्या स्वभावात काही खोट नसते. त्यांचा क्रम चुकतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जायचं, इन्स्टावर वीसजणांना फॉलो करायचं, मग एखाद्या जमलेल्या घोळक्यात शिरायचं, तिथे कुणी लक्ष दिलं नाही की गप्प व्हायचं, आणि मग एखाद्या दिवशी जो कुणी हसून बोलेल त्याच्यापुढे सगळं मन मोकळं करायचं. इथे सगळं उलटं झालं. बरोबर क्रम असा : आधी जागा, मग चेहरा, मग नाव, मग छोटी देवाणघेवाण, मग मोकळा वेळ, मग कॉलेजबाहेरची भेट, आणि मनातलं सगळ्यात शेवटी. हा क्रम पाळला तर जुलैपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंतचा वेळ पुरतो. पुढच्या पायऱ्या रोज अप-डाऊन करणाऱ्यांना धरून लिहिल्या आहेत, कारण आपल्याकडे बहुतेक मुलं तशीच शिकतात. हॉस्टेल किंवा पीजीवर राहणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलं आहे.

## पूर्वतयारी : कॉलेज सुरू व्हायच्या आठवड्यात

घरी बोलून ठेवा. ही तयारी कुणीच करत नाही आणि पुढे सगळं इथेच अडतं. लेक्चर १२.४० ला सुटलं की दीडपर्यंत लेक घरी पोहोचणार, असा आईचा हिशोब असतो. पावणेदोनला फोन येतो, "कुठे आहेस?" आणि चहाचा ग्लास अर्धा ठेवून मुलगी उठते. चार वेळा असं झालं की पाचव्या वेळी तिला कुणी थांब म्हणत नाही. म्हणून आधीच सांगा : "आई, सोमवार, बुधवार, शुक्रवार मी पाऊण तास उशिरा निघेन. कॉलेजातच असेन. निघताना मेसेज करेन." दिवस ठरवून सांगितलं की घरचेही निर्धास्त राहतात. शब्द दिलात की निघताना मेसेज मात्र कराच.

क्लास किंवा नोकरी असेल तर आठवड्यातले तीन दिवस तरी शेवटच्या लेक्चरनंतर लगेच दुसरं काही लावू नका. तीन जमत नसतील तर दोन दिवस मोकळे ठेवा, पण ते ठरलेले असू द्या.

पैशांचा आकडा ठरवा. महिन्याला चहा-नाश्त्याला किती खर्च करू शकता ते आधीच लिहून काढा, आणि पहिल्या दिवसापासून टीटीएमएम ठेवा, म्हणजे तू तुझं, मी माझं. सुरुवातीला दोनदा सगळ्यांना खिलवलं आणि तिसऱ्यांदा परवडेना म्हणून टाळायला लागले, अशी मुलं मी पाहिली आहेत. पैसे नाहीत हे सांगायला लाजून ती मित्रच सोडून देतात. असं होऊ देऊ नका.

डबा आणि पिशवी. डब्यात एक पोळी जास्त घ्या. एक जादा पेन, स्टेपलर आणि छत्री पिशवीत असू द्या. जुलैत छत्री दोघांची होते, आणि कॉलेजच्या फाटकापासून स्टेशनपर्यंत एका छत्रीतून चालताना पहिलं खरं बोलणं होतं.

ओळखीची दोन वाक्यं तयार ठेवा. टक्के सांगू नका, समोरच्याला पुढे काही विचारता येईल असं सांगा. "मी बदलापूरची, ठाण्याला गाडी बदलते. शाळेत कबड्डी खेळायचे." यात तीन धागे आहेत, कुणी ना कुणी त्यातला एक पकडतंच.

> तपासा : घरी बोलणं झालं का? आठवड्यातले मोकळे दिवस ठरले का? हे दोन झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## पायरी १ : जागा पक्की करा (पहिले दोन आठवडे)

पहिले पंधरा दिवस ओळखी वाढवण्याच्या मागे लागू नका. एकच बाक धरा, तो रोजचा. मधल्या रांगेतला तिसरा-चौथा बाक मला सगळ्यात बरा वाटतो, कारण तिथे पुढची, मागची आणि शेजारची अशी सात-आठ माणसं हाताच्या अंतरावर असतात. कोपऱ्यातल्या शेवटच्या बाकावर दोनच मिळतात. कॅन्टीनमध्येही ठरलेल्या वेळी ठरलेल्या टेबलाजवळ बसा. लोकलचा डबा आणि दारही तेच ठेवा.

नुसतं रोज दिसण्यात मोठी ताकद आहे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी, मोरलँड आणि बीच यांनी, १९९२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार तरुणी एका वर्गात विद्यार्थिनी म्हणून येऊन बसत. एक सत्रभरात १५ वेळा आली, दुसरी १० वेळा, तिसरी ५ वेळा, चौथी एकदाही नाही. कुणाशीही बोलायचं नाही, असं ठरलेलं होतं. सत्राच्या शेवटी वर्गाला चौघींचे फोटो दाखवले, तेव्हा जी जास्त वेळा आली होती ती मुलांना जास्त आवडली. अवाक्षर न बोलता. म्हणून लाजाळू मुलांना मी सांगते, पहिल्या पंधरा दिवसांत बोलणं जमलं नाही तरी चालेल, पण लेक्चर बुडवू नका आणि जागा बदलू नका.

इथे तीन चुका नेहमी होतात. एक, कानात इअरफोन. ते घातले की तुम्ही तिथे असून नसल्यासारखे होता. लेक्चर सुरू व्हायच्या आधीची पाच मिनिटं तरी काढून ठेवा. दोन, फक्त शाळेतल्या जुन्या मैत्रिणीशेजारी बसणं. तिला सोडू नका, पण तिची डावी बाजू आणि तुमची उजवी बाजू नव्या माणसांसाठी मोकळी ठेवा. तीन, त्याच कॉलेजच्या ज्युनियरमधून आलेला घोळका बघून घाबरणं. अकरावी-बारावीपासूनचे ते आठजण एकमेकांत हसतात, टाळ्या देतात, आणि नव्याला वाटतं की इथे आता जागाच उरली नाही. ऑगस्टपर्यंत थांबा. त्यातले अर्धे वेगळ्या डिव्हिजनला किंवा वेगळ्या विषयाला गेलेले असतात आणि तेही कुणीतरी शोधत असतात.

## पायरी २ : आठ नावं

दोन आठवड्यांनी आजूबाजूच्या आठ माणसांची नावं तुम्हाला यायला हवीत. नाव नीट ऐकू आलं नसेल तर आठवड्याच्या आत पुन्हा विचारा : "त्या दिवशी नाव नीट कळलं नाही गं, परत सांग ना." यात कुणाला राग येत नाही. महिनाभर "ए, ऐक ना" म्हणत राहून मग विचारणं मात्र खरंच अवघड जातं.

आठजण कुठे शोधायचे? सायन्सला असाल तर प्रॅक्टिकलची बॅच हाच तुमचा खरा वर्ग. रोल नंबर आगेमागे असलेले वर्षभर तुमच्याच टेबलावर असतात. आर्ट्स-कॉमर्सला १२० च्या वर्गात हरवायला होतं. तिथे ओपन इलेक्टिव्हचा (आपल्या शाखेबाहेरच्या निवडलेल्या विषयाचा) किंवा को-करिक्युलरचा छोटा वर्ग धरा. तिथे वेगवेगळ्या विभागांतली मुलं येतात आणि बहुतेकांच्या ओळखीचं कुणी नसतं, त्यामुळे सगळे सारख्याच पायरीवर असतात.

आपल्याकडे बोलायला सुरुवात करायचा हुकमी प्रश्न म्हणजे "तुझी कुठली गाडी?" तो का चालतो ते सांगते. या प्रश्नात खोचकपणा नाही, त्याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं, आणि उत्तर आलं की पुढे लगेच करण्यासारखं काहीतरी असतं. ती वाशी गाडीची, तुम्ही पनवेल गाडीचे असलात तरी तुर्भ्यापर्यंत रस्ता एकच. तो डोंबिवलीहून येत असेल तर ठाण्याच्या पुलावर तो तुम्हाला रोज भेटू शकतो. "छंद काय?" या प्रश्नातून असं काही निघत नाही.

काय विचारू नये तेही स्पष्ट सांगते. बारावीचे टक्के विचारू नका. वडील काय करतात, घर स्वतःचं की भाड्याचं, हे पहिल्या महिन्यात नको. आणि आडनाव सांगितल्यावर "म्हणजे तुम्ही कोण?" असं खोदून कधीच विचारू नका. समोरच्याला त्यामागचा प्रश्न कळतो, आणि तो दुखावला जातो.

### भाषेचं काय?

यावर थोडं थांबते, कारण इथे मुलं खूप सोसतात. वर्गात हिंदी सुरू होतं, मध्येच इंग्रजी. लातूरहून, अकोल्याहून, जळगावहून आलेलं मूल तोंड मिटून बसतं, कारण कुणीतरी कधीतरी त्याच्या बोलीची नक्कल केलेली असते. कोपरखैरणे, करावे, दारावे इथल्या आगरी-कोळी घरांतली मुलंसुद्धा, जी खरी इथलीच आहेत, वर्गात स्वतःची बोली लपवतात. माझं सांगणं असं : तुमची मराठी आहे तशी बोला. समोरच्याने हिंदीत विचारलं आणि तुम्ही मराठीत उत्तर दिलंत तरी इथल्या बहुतेकांना ते कळतं. त्याला नाहीच कळलं, तर मोडक्या हिंदीत सांगा आणि पुढे चला. बोलण्यात चुका झाल्या म्हणून मैत्री मोडल्याचं मी पाहिलेलं नाही. गप्प राहिल्यामुळे ती झालीच नाही, असं मात्र दर वर्षी पाहते.

आणि जे पुण्या-ठाण्याची मराठी बोलतात त्यांना विनंती आहे : कुणाच्या "मले" आणि "तुले"वर हसू नका. पहिल्या आठवड्यातलं ते हसू समोरच्याला तीन वर्षं आठवत राहतं.

> तपासा : जुलैअखेर, वहीच्या मागच्या पानावर आठ नावं आणि प्रत्येकापुढे एक गोष्ट लिहा : गाडी, गाव, आवड, काहीही. पाचच्या वर आली तर पुढे जा. कमी आली तर आणखी एक आठवडा इथेच थांबा.

## पायरी ३ : छोटी मागणी, छोटी परतफेड

आता काहीतरी मागा. एक पेन, कालच्या लेक्चरची वही, झेरॉक्सच्या दुकानात सोबत. नवीन मुलांना वाटतं की आपण मदत करत राहिलो की माणसं जवळ येतील, म्हणून ती फक्त देत राहतात. ज्याला कधीच कशाची गरज पडत नाही त्याच्याकडे जायला समोरच्याला संकोच वाटतो. मागितलेलं मात्र सांगितलेल्या दिवशीच परत करा. वही उद्या देतो म्हणालात तर उद्याच द्या, कोपरा दुमडलेला नसावा.

सावध राहा : तुमचं जर्नल उतरवायला घेणारे, प्रॉक्सी लावायला सांगणारे आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीच नोट्स मागणारे म्हणजे मित्र नव्हेत. दुसऱ्याची हजेरी लावताना सापडलात तर दोघंही अडकता, आणि ७५ टक्क्यांच्या खाली हजेरी गेली की डिफॉल्टर यादीत नाव तुमचंही येऊ शकतं. "नाही रे, ते नको, पण चल, तुला समजावून सांगते" एवढं म्हणून बघा. जो समजून घ्यायला बसेल तो टिकणारा आहे.

आणखी एक सावधगिरी, ही जास्त गंभीर. महिन्याभराच्या ओळखीवर कुणी तुमचं बँक खातं "दोन दिवस वापरायला" मागितलं, तुमच्या नावावर सिमकार्ड मागितलं, किंवा "एका सेमिनारला चल, मस्त कमाई आहे" म्हणालं, तर तिथेच नाही म्हणा. खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला तर पोलीस आधी खातेदाराकडे येतात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि घरी सांगा.

## पायरी ४ : लेक्चरनंतरचा पाऊण तास

सगळं शेवटी इथे येऊन ठरतं.

मी स्वतः बदलापूरहून ठाण्याला शिकायला येत असे. शेवटची बेल झाली की धावत सुटायचे, कारण पुढची बदलापूर गाडी चुकली की बराच वेळ फलाटावर उभं राहावं लागायचं. तीन वर्षं मी ती गाडी एकदाही चुकवली नाही. टीवायच्या, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, निकालाच्या दिवशी गुणपत्रिका हातात घेऊन उभी होते, आणि फोन करून सांगावं असं कॉलेजातलं एकही माणूस नव्हतं. घरी आई-बाबा खूश होते, मला मात्र रडू येत होतं. तेव्हा कारण कळलं नाही. आता कळतं.

कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास मांडला. नव्या गावात आलेली माणसं आणि विद्यापीठातले नवे विद्यार्थी यांची मैत्री किती तासांत जुळते, हे त्यांनी पाहिलं. नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावं इतपत जवळीक यायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त तास लागतात, असं त्यांना आढळलं. एकत्र काम करण्यात गेलेल्या तासांपेक्षा मोकळेपणी घालवलेले तास जास्त उपयोगी पडतात, हेही त्यात दिसलं. म्हणजे शेजारी बसून चार लेक्चरं ऐकली म्हणून चार तास जमेला धरायचे नाहीत.

आता आपला हिशोब करू. आठवड्यातून तीनदा पाऊण तास म्हणजे सव्वादोन तास. नेरूळहून ठाण्यापर्यंत गाडीतला अर्धा तास, पाच दिवस, म्हणजे अडीच. आठवड्याला पावणेपाच तास झाले. या वेगाने पन्नास तास भरायला दहा-अकरा आठवडे लागतात. जुलैच्या सुरुवातीला लागलात तर सप्टेंबरच्या मध्यावर पोहोचता. आकडे तंतोतंत धरू नका, पण दहा दिवसांत "माझं कुणाशी जमत नाही" असं ठरवून टाकणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर मांडावा.

हा पाऊण तास घालवायचा कसा?

1. शेवटचं लेक्चर संपायच्या आधीच शेजारच्याला विचारा : "कटिंग घेऊन निघू या?" बेल झाल्यावर विचारलंत तर तोवर तो बॅग खांद्याला लावून दारात असतो.
2. जागा एकच ठेवा. कॉलेजबाहेरची टपरी, कॅन्टीन, जिमखान्याच्या पायऱ्या, काहीही चालेल, पण तीच. म्हणजे बाकीच्यांना कळतं की इथे आलं की ही मंडळी भेटतात. कट्टा असाच तयार होतो.
3. सुरुवातीला दोघं-तिघंच असा. सहाच्या वर माणसं झाली की दोनच जण बोलतात आणि बाकीचे ऐकतात.
4. पहिली दहा मिनिटं मोबाइल खिशात ठेवा. रील दाखवायची असेल तर एक दाखवा, लगेच दुसरी नको.
5. ठरलेल्या वेळी उठा. एखाद्याला पुढे क्लास असेल तर त्याला थांब-थांब म्हणून अडवू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो बसणारच नाही.

मग एकत्र स्टेशनवर चला. ट्रान्सहार्बरचा, म्हणजे ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणाऱ्या लोकलमार्गाचा, फायदा असा की ठाण्याहून सुटणारी गाडी रिकामी लागते. सकाळी फलाट ९-१० वर दहा मिनिटं आधी भेटलात तर चौघांना शेजारी जागा मिळते. परतीला सगळे एकाच डब्यात चढा. मुली महिला डब्यात आणि मुलं जनरलमध्ये असतील तर फलाटावरची दहा मिनिटं तुमची. तिथे घाई करू नका.

सावध राहा : मित्र दाराशी उभे आहेत म्हणून फुटबोर्डवर लटकू नका, आणि ग्रुपला गाठायला चालती गाडी पकडू नका. पुढची गाडी येते.

> तपासा : ऑगस्टच्या मध्यावर स्वतःला विचारा, एक दिवस मी कॉलेजला गेलो नाही तर "काय रे, आज आला नाहीस?" असा मेसेज कुणाकडून येईल का? एकाकडून जरी आला तरी पुढची पायरी तयार आहे. नाही आला तर तुमच्या शेजारचा ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी तो मेसेज तुम्ही करा.

## पायरी ५ : एकच समिती, पण मनापासून

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), एनसीसी, नाट्यमंडळ, मराठी वाङ्मय मंडळ, क्रीडा, यातलं एकच निवडा. निवडताना विचारायचं ते एवढंच : तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात का? वर्षातून एकदा होणाऱ्या फेस्टचे स्वयंसेवक चार दिवस धावपळ करतात आणि पांगतात. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास काम असतं, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिरात सकाळी झाडू, दुपारी सर्वेक्षण, रात्री ताटं घासणं सगळं एकत्र होतं, आणि सात दिवसांत माणूस जितका कळतो तितका वर्गात वर्षभर कळत नाही. नोंदणी सत्राच्या सुरुवातीलाच होते आणि सूचनाफलकावर थोडेच दिवस लागते. जुलैत फलक रोज वाचा, नाहीतर थेट कार्यक्रम अधिकारी असलेल्या सरांना किंवा मॅडमना गाठा.

स्टेजची भीती वाटते? बॅकस्टेज मागा. युवा महोत्सवाच्या एकांकिकेत नटांपेक्षा प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळणारे एकमेकांचे जास्त जवळचे होतात, असा माझा अनुभव आहे. अंधारात खुर्च्या हलवताना बोलायला भरपूर वेळ मिळतो.

पाच समित्यांत नाव घालून प्रत्येकीत एकदा तोंड दाखवणं ही इथली नेहमीची चूक आहे.

## पायरी ६ : कॉलेजबाहेरची पहिली भेट

"कधीतरी भेटू या" असं म्हटलेली भेट होत नाही. बोलावताना चार गोष्टी सांगा : दिवस, जागा, सुरू व्हायची वेळ, आणि संपायची वेळ. "शनिवारी चारला वाशीला मिनी सी-शोअर. साडेसहाला निघू." संपायची वेळ सांगितली की घरी परवानगी मागणं सोपं जातं.

जागा फुकट किंवा स्वस्त असावी आणि स्टेशनपासून सोयीची. ठाण्यात तलावपाळीला फेरी मारा, नाहीतर उपवनला जा. नवी मुंबईत मिनी सी-शोअर, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई हे उद्यान, खारघरचं सेंट्रल पार्क. थंडी सरता सरता सीवूड्स-नेरूळच्या पाणथळीत फ्लेमिंगो बघायला सकाळी जाणं ही माझी आवडती सूचना. सगळे एकाच दिशेला बघत असतात, त्यामुळे बोलायला विषय शोधावा लागत नाही. मॉल आणि कॅफे पहिल्या भेटीला टाळा. तिथे खर्चाचं दडपण येतं.

सावध राहा : पावसाळ्यात कुणीतरी धबधब्याची टूम काढतंच. खारघरच्या पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी असते, आणि तिथे तरुण मुलांचे जीव गेले आहेत. "भित्रा" म्हटलं तरी जाऊ नका. पर्यायी जागेचं नाव तयार ठेवा आणि त्याच दमात सांगा : "तिकडे नको, उपवनला जाऊ. मी येतो."

आणि गणपती. वर्षभरात घरी बोलवायची इतकी सोपी वेळ दुसरी नाही. "आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, दर्शनाला या" एवढंच म्हणायचं. कारण विचारावं लागत नाही, आई-वडिलांना मित्र-मैत्रिणी दिसतात, आणि पुढच्या वेळी उशीर झाला तर "कोणाबरोबर होतीस?" या प्रश्नाला एक ओळखीचा चेहरा मिळतो. वर्गातल्या सगळ्यांना मोघम निमंत्रण देऊ नका. चौघांना नावाने बोलवा, स्टेशनवर घ्यायला जा. तुम्हाला कुणी बोलावलं तर नारळ किंवा फुलं घेऊन जा, घरातल्या मोठ्यांशी दोन शब्द बोला, उठताना ताट-वाटी आत नेऊन ठेवा. दुसऱ्या धर्माच्या मैत्रिणीलाही बोलवा, फक्त यायचं की नाही हे तिच्यावर सोडा. तिने ईदला किंवा नाताळला बोलावलं तर तुम्हीही जा. आगरी मित्राने घरच्या हळदीचं आमंत्रण दिलं तर चुकवू नका.

## पायरी ७ : मनातलं

आता बोला. पण थोडं थोडं. आज एक गोष्ट सांगा आणि समोरचा त्याची काही सांगतो का ते बघा. सांगत असेल तर पुढची. घरातलं भांडण, आजारपण, प्रेमातला नकार हे सगळं दुसऱ्याच आठवड्यात एकदम ओतलंत तर समोरचं मूल गांगरतं. ते वाईट नसतं, त्याला काय बोलावं हे कळत नाही म्हणून दूर जातं.

बोलून घरी आल्यावर "मी जरा जास्तच बोलले का, तिला कंटाळा आला का" असं मनात येत राहतं. ते सगळ्यांनाच येतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की पहिल्या गप्पांनंतर लोक समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज खऱ्यापेक्षा कमीच करतात. तुम्ही जिच्याबद्दल हा विचार करताय, तीही घरी जाऊन तोच विचार करत असते. उद्या तिला नेहमीसारखं "चल" म्हणा.

## हॉस्टेल आणि पीजीवाल्यांसाठी

तुमची अडचण शनिवार-रविवारी येते. स्थानिक मुलं घरी असतात आणि खोलीत भिंती दिसतात. शुक्रवारीच रविवारचं काहीतरी ठरवून ठेवा, निदान मेसमध्ये कुणाबरोबर जेवायचं ते. रूममेटशी पहिल्या आठवड्यात दिवा, झोप, पाहुणे आणि सफाई यांचं बोलून घ्या. मैत्री नंतर होते, पण या चार गोष्टींवरून बिनसलं तर खोलीत राहणंच नकोसं होतं. पहिल्या दोन महिन्यांत दर शनिवारी गावाला पळू नका, महिन्यातले दोन शनिवार-रविवार तरी इथे थांबा. घरची आठवण येते, मला माहीत आहे. पण सगळ्या ओळखी त्याच दोन महिन्यांत होतात.

सिनियर ओळख करून द्यायच्या नावाखाली त्रास देत असतील तर ते सोसायचं नाही. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. दादा-ताई म्हणून मान द्या, पण कुणाचे कपडे धुवायला किंवा असाइनमेंट लिहायला तुम्ही बांधील नाही.

## दिवाळीपर्यंत जमलं नाही तर

आधी कुठल्या पायरीवर अडकलात ते शोधा. नावंच माहीत नसतील तर पायरी २. नावं माहीत आहेत पण कॉलेजबाहेर कुणी भेटत नसेल तर बहुतेक पायरी ४ गाळली आहे. दुसऱ्या सत्रात इलेक्टिव्हचे वर्ग आणि बॅचेस काही ठिकाणी बदलतात, आणि पहिल्या आठवड्यात सगळे पुन्हा जागा शोधत असतात. तेव्हा बाक बदला आणि पायरी १ पासून सुरू करा.

जेवण जात नसेल, झोप उडाली असेल, कॉलेजला पाऊलच उचलत नसेल तर हे पायऱ्यांनी सुटणारं नाही. घरी सांगा, मेंटॉरला सांगा, किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तिथे मराठीत बोलता येतं. माझ्यासारख्या कुणाच्या स्टाफरूमच्या दारात उभे राहिलात तर जर्नलच्या सहीपासून सुरुवात करायची गरज नाही, सरळ आत या.

आणि सत्रपरीक्षा जवळ आली असेल तर हे लगेच करा : शेवटच्या पेपरनंतर कुठे बसायचं ते पहिल्या पेपरच्या आधीच ठरवून ठेवा. शेवटचा पेपर सुटला की सगळे सुट्टीच्या घाईत फाटकातून पांगतात आणि मग थेट पुढच्या सत्रात दिसतात. आजच तिघांना मेसेज टाका : "लास्ट पेपरनंतर टपरीवर, दोन वाजता. मी थांबते."